दोन सदरे

पऱ्हाटी ही जाळायचीच गोष्ट.
सासूने जाळली, तिच्या सासूने जाळली.
चिंबायच्या थंडीत तंदूर तापतो तो तिच्यावर,
जोंधळ्याची भाकर फुगते ती तिच्याच धगीत.
आणि माझी लेक आयसानेम
नुकुसच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर येते,
चहाची वाटी खाली न ठेवता सांगते,
आई, यंदा पऱ्हाटी जाळू नकोस.
मग काय जाळू? तुझ्या वह्या?

हसली फक्त.
भावाला हाताशी धरून तिने सगळी पऱ्हाटी कुटली, भिजवली,
मेंढ्यांच्या लेंड्या, कलिंगडाच्या साली, भाताचं तूस
थरावर थर रचले,
वरून सतरंजी. माझी. मला न विचारता.

तिसऱ्या आठवड्यात ढीग वाफाळला.
पाटाच्या पाण्यावर बर्फाची साय,
आणि ढिगात हात घातला तर चटका.
कुणी पेटवलं गं?
"कुणी नाही. ते जेवतायत."
ते म्हणजे कोण, ते दिसत नाहीत.
चिमूटभर मातीत, म्हणे, अख्ख्या तालुक्याहून जास्त.
आमचा तालुका तर रिकामाच होत चाललाय, मी म्हटलं,
निम्मे कझाकस्तानात विटा रचतायत.

समुद्र निघून गेला तेव्हा मी शाळेत होते.
घर सोडताना भाडेकरू कचरा टाकून जातो,
तसा तो मीठ टाकून गेला.
मार्चमध्ये रान धुवायचं,
मेमध्ये पुन्हा पांढरं.
त्या रानाचे तिने दोन भाग केले:
एकाला ढिगातलं काळं खत, दुसरं होतं तसंच.
माती बरणीत कोंडून
ती म्हणे तिचा श्वास मोजते.
पोर शिकली आणि ढेकळं हुंगायला लागली.

मग म्हणाली, दोन सदरे दे. सुती. निव्वळ सुती.

मयताचे कपडे सातव्या दिवशी वाटून टाकतात आमच्यात.
दोन मी ठेवून घेतले होते, पेटीच्या तळाशी,
निळ्या रेघांचे, ट्रॅक्टरवर घालायचा ते.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
तिला होतं, असं दिसतंय.

वीतभर खोल पुरले, एकेका भागात एकेक,
काठीला लाल दोरा बांधून खूण केली.
आमच्याच कापसाचं कापड,
पेरावं तसं.

जूनमध्ये उकरलं.
खाऱ्या भागातला सदरा सबंध निघाला,
पापडासारखा कडक, खिसासुद्धा जागच्या जागी.
आयसानेमचा चेहरा पडला.
"इथे खायला कुणी उरलेलंच नाही, आई."

दुसरीकडे फावडं लागलं आणि काहीच वर आलं नाही.
नंतर कॉलरची किनार.
नायलॉनच्या धाग्याची शिवण, नुसती, अंगाशिवाय.
पाच बटणं.
बाही होती तिथे पांढऱ्या बुरशीचं जाळं,
आणि असा वास, की मला एकदम
लहानपणीचा नदीकाठ आठवला, पूर ओसरल्यावरचा.
ती नाचायचीच बाकी होती.
बटणं पाकिटात भरली, नुकुसला फोन लावला,
काहीतरी आकडे ओरडून सांगत राहिली.

मी सबंध सदरा उचलला.
तिच्या लेखी तो नापास.
तीन पाण्यांतून काढला तेव्हा मीठ सुटलं,
दोरीवर टाकला, वाऱ्याने खांदे भरले.
मी आत निघून गेले.

यंदा सगळ्या रानाला पुरेल एवढा ढीग घातलाय.
गॅसवरच्या भाकरीला चव नाही,
चार मोळ्या मी गोठ्यामागे लपवल्यात, तिला सांगू नका.
ढीग उलटायला मीच जाते पहाटे,
तो सदरा घालून.
बाह्या लांब पडतात, दुमडून घेते.
घाम, वाफ, लेंड्यांचं पाणी,
उजवा कोपर विरत चाललाय.
लावीन ठिगळ, म्हणते,
आणि लावत नाही.